रंध्याची मूठ

तलवारीच्या मुठीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. शस्त्रांच्या कोणत्याही दालनात जावे. मूठ दख्खनी धाटणीची की उत्तरेकडील, तिला परज आहे की नाही, ठोला किती फुगीर आहे, गादीवर नक्षी कसली आहे, हे सारे सांगणारा जाणकार तेथे भेटतो. दांडपट्ट्याची मूठ आडवी का आणि ती लोखंडी आवरणाच्या आत का दडविली, ह्याचेही उत्तर त्याच्यापाशी असते. हे योग्यच आहे. कारण पाते कितीही पाणीदार असले तरी ते चालते मुठीच्या जोरावर. परंतु ज्या अवजाराने आपल्या गावांतील दारे, चौकटी, पाळणे, पाट आणि देव्हारे गुळगुळीत झाले, त्या सुताराच्या रंध्याची मूठ कशी होती, कोणत्या लाकडाची होती, ती कोणी बसविली, असे विचारले तर उत्तर देणारा मनुष्य सहसा सापडत नाही. ह्या व्याख्यानाचा विषय हीच मूठ होय.

विषय किरकोळ आहे असे काहींना वाटेल. जेथे साम्राज्यांच्या उदयास्तांवर व्याख्याने होतात, तेथे वीतभर लाकडाच्या मुठीचे काय कौतुक? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रंध्याचे पाते लोहाराचे किंवा कारखान्याचे असते. मूठ मात्र वापरणाऱ्याची असते. पाते विकत मिळते, मूठ हाताला जुळवून घ्यावी लागते. म्हणून कारागिराचे स्वतःचे शास्त्र कोठे साठले असेल, तर ते मुठीत साठले आहे. हे शास्त्र आपण कधी लिहून ठेवले नाही, आणि आता ते ज्यांच्या हातात आहे ती पिढी उतरणीला लागली आहे. तेव्हा प्रश्न केवळ एका अवजाराचा नाही, आपण कोणत्या ज्ञानाला ज्ञान म्हणतो, ह्याचा आहे.

प्रथम आपले गाव घेऊ. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील गाव. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यात माहूरचा गड आहे. हा पुसदचा मुलूख १९०५ पर्यंत बाशीम जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी तो जिल्हा मोडला, वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद त्यात आले. त्याआधी १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. पुढे १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. ह्या सर्व फेरबदलांची नोंद सरकारी दप्तरांत सापडते. पण ह्या सर्व काळात गावच्या सुताराने काय घडविले आणि कशाने घडविले, ह्याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

सुतार, ज्याला विदर्भात काही भागांत वाढई म्हणतात, हा बलुतेदारांतील मोठ्या मानाचा कारागीर. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ प्रसिद्ध केला, त्यात ही बलुत्याची रचना तपशिलाने मांडली आहे. सुताराने वर्षभर कुणब्याची अवजारे नीट ठेवावी आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यावे, असा तो व्यवहार. ह्या मुलखात लाकडाला तोटा नव्हता. इमारतीला सागवान, वखर-नांगराला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला चिवट धावडा, गाडीच्या कामाला तिवस, अशी लाकडाची पारख सुताराला बापाकडून मिळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गावातील जवळजवळ प्रत्येक अवजाराची मूठ हा सुतारच घडवीत असे. नांगराचे रुमणे त्याचे, कुऱ्हाडीचा दांडा त्याचा, खुरप्याची आणि विळ्याची मूठ त्याची, जात्याचा खुंटाही त्याचाच. कुणब्याचा हात केवढा, निंदणाऱ्या बाईच्या बोटांत किती जाडीची मूठ मावते, पहाटे दळणाऱ्या सासुरवाशिणीच्या तळव्याला खुंटा कोठे टोचतो, हे त्याला ठाऊक असे. गावाच्या हातांची मापे ज्याच्यापाशी होती असा हा एकच माणूस. आणि ती मापे त्याने कागदावर नव्हे, डोळ्यांत ठेवली होती. अशा माणसाने स्वतःच्या हातासाठी कशी मूठ केली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

‘रंधा’ हा शब्द फारसीतून आला आहे. मूळ ‘रंदा’. गंमत अशी की, इराणात आजही स्वयंपाकघरातील किसणीला हाच शब्द आहे. आणि खरोखर, रंधा म्हणजे लाकडाची किसणीच. लाकडाचा एक ठोकळा, त्याच्या पोटात तिरकी खाच, खाचेत पोलादी पाते आणि ते घट्ट बसविणारी पाचर, इतकेच त्याचे अंग. पाते बहुधा पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरके असते आणि तळातून केसभर बाहेर डोकावते. ठोकळा फळीवरून पुढे सरकला की तोंडातून झिलपी वर येते. पाते किती बाहेर काढायचे ते हातोडीच्या हलक्या ठोक्याने ठरवितात.

हे वर्णन सोपे आहे. चालविणे सोपे नाही. रंधा चालविताना हाताला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: ठोकळा खाली दाबणे आणि पुढे ढकलणे. शिवाय दाबाची जागा सारखी बदलते. फळीच्या आरंभी दाब पुढच्या बाजूवर हवा, मध्यावर दोन्हीकडे सारखा हवा आणि शेवटी मागच्या बाजूवर हवा. हे चुकले की फळीची दोन्ही टोके खाली उतरतात आणि मध्य फुगीर राहतो. ढकलण्याचा जोर पात्याच्या धारेच्या जवळून आणि खालून गेला तर रंधा स्थिर चालतो. तो फार उंचावरून आला तर नाक खाली जाते आणि पाते लाकडात रुतते. म्हणजे हात ठोकळ्याला कोठे आणि किती उंचीवर धरतो, ह्यावर सारे काम अवलंबून. नुसत्या गुळगुळीत ठोकळ्यावर घामेजलेला हात घसरतो, मनगट मुडपते, आणि मुडपलेल्या मनगटाची पकड दुबळी होते. दिवसभर असे काम केले की तळव्याला घट्टे पडतात आणि अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. येथून मुठीच्या इतिहासाला आरंभ होतो.

ही अडचण एकट्या आपल्या सुताराची नव्हती. जगभर तिला निरनिराळी उत्तरे मिळाली, आणि प्रत्येक उत्तरात त्या त्या देशाच्या अंगस्थितीचे प्रतिबिंब पडले आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई नगरात रंधे सापडले आहेत. इंग्लंडातील सिल्चेस्टर येथे १८९० मध्ये एक रोमन रंधा मिळाला. गुडमनहॅम येथे २००० साली मिळालेल्या रोमन रंध्याचा तर ठोकळाच हस्तिदंती आहे. रोमन कारागिराने मूठ वेगळी बसविली नाही. ठोकळ्यातच आरपार खाच कोरून बोटे आत घालण्याची सोय केली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कोणास तरी वाटले होते की, ठोकळ्याला नुसते धरून भागत नाही, हाताला आत शिरण्यास वाट हवी.

चीनमध्ये उत्तर वेगळे मिळाले. सुंग यिंगशिंग ह्या विद्वानाने १६३७ मध्ये ‘थिएनकुंग खाईवू’ हा कारागिरीवरील ग्रंथ लिहिला. त्यात नेहमीच्या रंध्याला दोन पंखांसारखे आडवे लाकूड असते आणि दोन्ही हातांनी ते धरून रंधा पुढे ढकलतात, असे वर्णन आहे. पिंपे करणाऱ्यांचा मोठा रंधा मात्र पाते वर करून पडून असे आणि लाकूडच त्याच्यावरून ओढीत. हा ग्रंथ लिहिणारा मनुष्य सरकारी परीक्षा दिलेला पंडित होता, तरी रंध्याचे पंख नोंदविण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. जपानात तिसरेच घडले. तेथील कारागीर रंधा ढकलीत नाही, स्वतःकडे ओढतो. त्यामुळे त्याला मुठीची गरजच भासली नाही. सारे शरीर मागे झुकते आणि ठोकळाच मुठीचे काम करतो. जर्मन सुताराने ठोकळ्याच्या पुढच्या टोकावर शिंगासारखी वाकडी मूठ बसविली. डावा हात तिला कवटाळतो आणि दिशा देतो. तेव्हा मूठ असणे ही प्रगती आणि नसणे हे मागासलेपण, असे मानण्याचे कारण नाही. मनुष्य उभा आहे की बसलेला, ढकलतो की ओढतो, एकटा आहे की दुकटा, ह्यावरून मूठ ठरते.

आता आपला सुतार पाहा. तो उभा राहत नसे. अंगणात किंवा पडवीत जमिनीवर बसे. फळी धरण्यास त्याच्याकडे लोखंडी शिकंजा नव्हता. पायाची टाच आणि बोटे हाच त्याचा शिकंजा. ह्या बसण्याला आळस म्हणण्याची काही परकीयांना सवय होती. वस्तुतः ती एक संपूर्ण पद्धत होती. बसलेल्या माणसाचा जोर पायांतून येत नाही, कमरेतून आणि खांद्यांतून येतो. त्याचा हात फळीच्या जवळ आणि खाली असतो. अशा माणसाला उंच मूठ दिली तर त्याचे कोपर वर उचलले जाते आणि जोर वाया जातो. म्हणून आपल्याकडील जुना रंधा बसका आणि ठेंगणा. त्याला मूठ असलीच तर मागे एक लहानसा उंचवटा किंवा खुंटी, तळव्याच्या बुडाला टेकण्यापुरती.

मोठ्या कामाला दुसरी युक्ती होती. लांबलचक तुळई किंवा रुंद फळी साफ करताना मोठ्या रंध्याच्या पुढच्या भागात आडवी खुंटी घालीत किंवा दोरी बांधीत. मागून मुख्य कारागीर ढकली, पुढून साहाय्यक ओढी. बहुधा हा साहाय्यक म्हणजे घरचाच मुलगा किंवा पुतण्या. ढकलण्याची अक्कल बापाची आणि ओढण्याचे बळ मुलाचे. पुढच्या खुंटीला धरूनच मुलगा धंदा शिके: बापाचा जोर कोठे वाढतो, कोठे थांबतो, लाकडाचे रेषे उलटले की रंधा कसा अडखळतो, हे त्याला हाताने कळे. त्या आडव्या खुंटीला आम्ही जोड-मूठ म्हणतो, पण खरे पाहता ती सुतारांची शाळा होती.

ह्या व्यवस्थेला एकोणिसाव्या शतकात दोन बाजूंनी धक्का बसला. पहिला धक्का शाळेचा. पुण्यास १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा निघाली. मुंबईस १८५७ मध्ये डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची औद्योगिक व सुधारगृह संस्था आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा सुरू झाली. अशा शाळांतून युरोपीय पद्धतीने उभ्याने आणि टेबलावर काम करण्याचा पाठ आला. दुसरा धक्का लोखंडी रंध्याचा. अमेरिकेत लेनर्ड बेली ह्या कारागिराने १८५८ पासून रंध्यावर अनेक पेटंटे घेतली. १८६७ च्या पेटंटाने पाते स्क्रूने वरखाली करण्याची सोय झाली. १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि तो नमुना जगभर पसरला. आजही आपल्या बाजारात मिळणारा लोखंडी रंधा पाहा. तो बेलीचाच वंशज आहे.

ह्या रंध्याला दोन मुठी असतात: मागे करवतीच्या मुठीसारखी पुढे झुकलेली उभी मूठ आणि पुढे गोल गोंडा. मागील मुठीत चार बोटे सहसा मावत नाहीत. जाणते कारागीर तीन बोटांनी ती धरतात आणि तर्जनी पुढे मोकळी ठेवतात, म्हणजे दिशा राखता येते. मुठी ब्राझीलच्या रोजवुडच्या असत. हे लाकूड आपल्या शिसवीच्याच कुळातील. झाडे इतकी तुटली की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. पुढचा गोंडाही प्रथमपासून आजच्यासारखा नव्हता. तो आधी ठेंगणा असे. पहिल्या महायुद्धानंतर उंच झाला. उंच गोंड्यावर जोर अधिक पडतो, त्यामुळे तो बुडाशी तडकू लागला. तेव्हा लोखंडी बैठकीला त्याच्याभोवती कडे ओतले गेले. एवढ्या मोठ्या कारखान्यालाही एक गोंडा नीट बसविण्यास साठ वर्षे लागली, हे विसरू नये.

जोड-मुठींचा प्रकारही तेथेच वाढला. एका हातात मावणारा लहान रंधा निघाला, तो तळव्यात धरून दाबीत. दिवसभर तसे केले की तळवा दुखे. म्हणून त्याच रंध्याला मागे लाकडी मूठ जोडलेला नमुना बाजारात आला. फळीचे टोक काटकोनात साफ करण्यासाठी रंधा आडवा पाडून चालवितात. तेव्हा धरायचे कोठे? त्यासाठी बाजूला अडकविण्याची नळकांड्यासारखी मूठ निघाली. आजही कॅनडातील व्हेरिटास ही कंपनी आपल्या लहान रंध्यासाठी मागची मूठ आणि पुढचा गोंडा असा जोड वेगळा विकते. म्हणजे मूळ वस्तू एक, आणि हातानुसार तिला लावावयाची पुस्ती दुसरी, हे तत्त्व तेथील व्यापाराने मान्य केले. मुठीला किंमत आली, मुठीला नाव आले, मुठीचे चित्र छापील यादीत आले.

आमच्याकडील सुतारानेही हेच केले, पण त्याला ना पेटंट मिळाले ना नाव. उभ्याने चालविण्यासाठी केलेला लोखंडी रंधा त्याच्या हाती आला तेव्हा त्याने तो मुकाट्याने आपल्या अंगाला जुळवून घेतला. उंच मूठ तळव्याला लागते, मग कानशीने घासून ती बोथट केली. मोडली, तर शिसवीची किंवा बाभळीची नवी घडविली आणि ती आपल्या पंजाएवढी रुंद केली. हात घसरतो, मग चिंधी गुंडाळली. चिंधी भिजते, मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. ही रबरी पट्टी पाहून शहाणी माणसे हसतात. पण परदेशी यंत्राच्या मुठीवर तेच रबर कारखान्यातून चढून आले की आपण त्याला सुधारणा म्हणतो. दोहोंत फरक कल्पनेचा नाही, तो नोंदीचा आहे.

ही नोंद का झाली नाही? ह्याचे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे ज्याच्या हाती लेखणी होती त्याच्या हाती रंधा नव्हता, आणि ज्याच्या हाती रंधा होता त्याच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही. जातीने धंदा बांधला आणि धंद्याने ज्ञान बांधले. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात शाळांना उपयुक्त धंद्यांच्या शिक्षणाची जोड द्यावी अशी मागणी होती. ती मागणी मान्य होऊन प्रत्येक गावच्या शाळेत सुतारकी आली असती, तर पाटीवर लिहिणाऱ्या मुलाने रंध्याची मूठही वहीत काढली असती.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात एक मोठा प्रयत्न झाला. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जो. का. कुमारप्पा ह्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चालविले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून हस्तव्यवसायाभोवती गुंफलेली नई तालीम निघाली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, आणि गावची अवजारे संग्रहालयात सन्मानाने मांडली गेली. त्याआधी १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. कातणाऱ्याच्या हाताचा एवढा विचार झाला, ही आपल्या देशाच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय. पण चरखा हे राष्ट्रीय प्रतीक होते. प्रतीकाला बक्षीस मिळते. जो सुतार तो चरखा घडवीत होता, त्याच्या रंध्याच्या मुठीवर कोणी लाखाचे सोडा, शंभराचेही बक्षीस लावल्याचे आमच्या वाचनात नाही.

मध्यंतरी सुताराचा आर्थिक पायाही खचत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासेल, असे म्हणून शेतकरी आरंभी तो घेईनात. पुढे त्यांची शंका फिटली आणि नांगर गावोगाव गेला. शेतीचे त्याने भले झाले. पण लाकडी नांगरामागे मिळणारे बलुते त्याबरोबर आटत गेले. पुढे ट्रॅक्टर आला, लोखंडी चौकटी आल्या, प्लायवूड आले. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांत जात न विचारता सुतारकी शिकविली जाऊ लागली, हा मोठाच लाभ. मात्र तेथे शिकलेल्या मुलाने आपल्या आजोबांच्या बैठ्या पद्धतीचे नाव अभ्यासक्रमात ऐकले नाही. पुढच्या खुंटीला धरून शिकण्याची जुनी शाळा बंद पडली आणि तिचे क्रमिक पुस्तक कधी छापलेच गेले नव्हते.

विजेचा रंधा आल्यावर मुठीचा प्रश्न संपला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. विजेचा हातरंधा नीट पाहा: मागे बटण असलेली मूठ आणि पुढे गोंडा, म्हणजे बेलीचीच मांडणी. उलट यंत्राची थरथर हातात उतरते आणि पाते मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून पकड अधिकच महत्त्वाची ठरते. साध्या रंध्याची मूठ चुकली तर तळव्याला घट्टा पडे. येथे चुकली तर बोट जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण पेटीत येणारे अवजार कोणाच्या हाताचे माप घेऊन घडले? डावखुऱ्याने ते कसे धरावे? आज सुतारकीकडे वळणाऱ्या मुलीच्या पंजात ती मूठ मावते काय? पैसे देणारा हे प्रश्न विचारीत नाही. ते वापरणाऱ्यानेच विचारले पाहिजेत, आणि त्याच्या उत्तराला कोणीतरी कान दिला पाहिजे.

फुलसावंगीला हे वेगळे सांगावे लागू नये. २०२१ च्या ऑगस्टात ह्याच गावातील एका तरुण कारागिराने स्वतःच्या हातांनी, जोडकाम करून, हेलिकॉप्टर उभे केले. चाचणीच्या वेळी त्याचा पंखा मोडला आणि त्यात त्या तरुणाचा अंत झाला. त्या दोन दिवसांत साऱ्या देशाने ह्या गावाचे नाव ऐकले. कोणी हळहळले, कोणी वेडे साहस म्हणाले. आम्ही एवढेच म्हणू की, सुधारणा करणारा हात खेड्यात नेहमीच असतो. कोणी मुठीला रबर गुंडाळतो, कोणी उडण्याचे यंत्र जोडतो, वृत्ती एकच. उणे असते ते त्या हाताच्या शेजारी बसून मोजणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे, वेळीच थांब म्हणणाऱ्याचे. ज्या समाजाला आपल्या कारागिराची लहान सुधारणा दिसत नाही, त्याला मोठी सुधारणा दिसते ती अपघात झाल्यावरच.

मग करावे काय? आमची मागणी फार मोठी नाही. मोठ्या संग्रहालयाची वाट पाहू नये. खंडेनवमीला घरोघर हत्यारे पुसून मांडतात, त्यांना गंध-फूल वाहतात. त्याच दिवशी गावातील शिक्षकाने, हायस्कुलातील चार मुलांनी, हातात वही आणि मोजपट्टी घेऊन सुतारांच्या घरी जावे. रंध्याची लांबी-रुंदी लिहावी. मूठ कोणत्या लाकडाची, ती कोणी बसविली, का बदलली, कोणत्या हाताने धरतात, बसून की उभ्याने, हे विचारावे आणि जसे सांगतील तसे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. मुठीवर वर्षानुवर्षे अंगठा टेकून जो खळगा पडला असेल, त्याचे चित्र काढावे. प्रत्येक पानावर त्या कारागिराचे नाव, त्याच्या संमतीने, ठळक लिहावे. ती वही ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवावी आणि दर वर्षी तिच्यात भर घालावी. फार तर शंभर पानांची वही होईल. पण गावात प्रथमच लेखणी रंध्याच्या घरी शिकावयास गेली, असे होईल.

आणि हे लवकर झाले पाहिजे. जुना लाकडी रंधा कोनाड्यात पडून राहतो, मग एखाद्या पावसाळ्यात चुलीत जातो किंवा भंगारवाला पात्याचे चार पैसे देऊन ठोकळा टाकून देतो. तलवारीची मूठ सोन्यारुप्याने मढवलेली, म्हणून कोणीतरी जपली. बाभळीची मूठ जपण्यास तिच्या अंगावर सोने नाही. तिच्यावर फक्त एका माणसाच्या तळव्याची झिलई आहे. तिची किंमत ओळखावयाची की नाही, हे आता आपण श्रोत्यांनी ठरवावयाचे आहे.